नवी चिप उत्तर का देत नाही?

स्वतः बनविलेल्या सर्किट बोर्डावरील मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्राम भरताना येणारे दोष आणि त्यांचा क्रमवार शोध

इलेक्ट्रॉनिकीचे शिक्षण आता शहरांतील तंत्रनिकेतनांपुरते मर्यादित राहिलेले नाही. अटल नवोन्मेष अभियानाखाली २०१६ पासून देशभरातील अनेक शाळांतून टिंकरिंग प्रयोगशाळा उघडण्यात आल्या. गोव्यात शाळांमधील कोडिंग व रोबोटिक्स शिक्षणाच्या योजनेने हाच विषय वर्गात आणला. बाजारात मिळणाऱ्या तयार बोर्डावर दिवा लुकलुकविण्याचा पहिला धडा विद्यार्थी एका तासात शिकतात. खरी कसोटी लागते ती पुढच्या पायरीवर. तयार बोर्ड बाजूला ठेवून, गावाच्या एखाद्या गरजेसाठी स्वतःचा बोर्ड आखावा, त्यावर सुटी विकत आणलेली चिप बसवावी आणि तिच्यात प्रोग्राम भरू जावे, तर संगणकाच्या पडद्यावर ‘चिपकडून उत्तर नाही’ अशा अर्थाचा संदेश उमटतो. अनेक शाळांतील प्रयत्न या संदेशापाशी थांबतात. हा संदेश कशामुळे येतो आणि त्याच्या मुळाशी कोणत्या क्रमाने पोचावे, याचे विवेचन या पाठात केले आहे.

एक उदाहरण

समजा, एका माध्यमिक विद्यालयाच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. पंप बंद करावयाचे विसरले की टाकी वाहते. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात तसेही कमी असते. नववीच्या विद्यार्थ्यांनी पाण्याची पातळी ओळखून पंप बंद करणारा एक बोर्ड तयार केला. त्यावर एटीमेगा ३२८पी ही २८ पिनांची चिप सॉकेटमध्ये बसविली. प्रोग्राम भरण्याचा प्रयत्न केला; चिपने उत्तर दिले नाही. शिक्षकांनी दुसरी चिप बसविली, मग तिसरी. परिणाम तोच. अखेर ‘दुकानदाराने नकली माल दिला’ असा निष्कर्ष निघाला आणि तिन्ही चिपा कचऱ्याच्या डब्याकडे निघाल्या.

हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. नकली किंवा सदोष चिपा बाजारात नसतात असे नाही. परंतु नव्या बोर्डावर नवी चिप बोलत नाही, तेव्हा संशय प्रथम चिपवर न घेता तिच्यापर्यंत जाणाऱ्या मार्गावर घ्यावा. लागोपाठ तीन चिपांनी एकच लक्षण दाखविले, तर तो चिपेच्या निर्दोषपणाचाच पुरावा होय.

कोरी चिप आणि शिकविलेली चिप

मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सूक्ष्मनियंत्रक, हा एकाच चिपेत सामावलेला लहानसा संगणक असतो. एटीमेगा ३२८पी मध्ये प्रोग्राम साठविण्यासाठी ३२ किलोबाइट स्मृती असते आणि वीज गेली तरी तीतील मजकूर पुसला जात नाही. या चिपेच्या कुळाचा आराखडा नॉर्वेतील ट्रोंडहेम येथे आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी मांडला. पुढे अ‍ॅटमेल कंपनीने या चिपा बाजारात आणल्या, आणि २०१६ मध्ये ती कंपनी मायक्रोचिप कंपनीत विलीन झाली. इटलीतील इव्रेआ येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या आर्डुइनो प्रकल्पामुळे हे कुळ जगभरच्या शाळांत पोचले.

येथेच पहिली गफलत होते. आर्डुइनो ऊनो या तयार बोर्डावरील चिप कोरी नसते. संगणकाकडून यूएसबीच्या तारेने येणारा प्रोग्राम स्वीकारून तो स्मृतीत लिहिणारा एक छोटा प्रोग्राम निर्मात्याने तिच्यात आधीच भरलेला असतो. त्यास बूटलोडर म्हणतात. दुकानातून सुटी आणलेली चिप बहुधा पूर्णपणे कोरी असते. तिला यूएसबीच्या मार्गाने कितीही हाका मारल्या तरी ऐकणारे आत कोणी नसते. अशा वेळी संगणक ‘मेळ बसत नाही’ असा संदेश देतो आणि विद्यार्थी तारा तपासण्यात दिवस घालवितात.

कोऱ्या चिपेत प्रोग्राम भरण्यासाठी प्रोग्रामर नावाचे वेगळे उपकरण लागते. यूएसबीएएसपी हा स्वस्त प्रोग्रामर सर्वत्र मिळतो. तो नसल्यास एखाद्या आर्डुइनो ऊनोलाच तात्पुरते प्रोग्रामरचे काम देता येते. ते काम देणारा प्रोग्राम ऊनोमध्ये भरून झाल्यावर त्याच्या रीसेट आणि ग्राउंड या पिनांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. धन टोक रीसेटकडे असावे. अन्यथा संगणकाने संपर्क साधताच ऊनो स्वतःच पुन्हा सुरू होतो आणि पलीकडच्या चिपेसाठी आलेला निरोप स्वतःसाठीच आहे असे समजतो.

संवाद कसा सुरू होतो

प्रोग्रामर आणि चिप यांच्यामध्ये सहा जोडण्या असतात. वीजपुरवठा आणि ग्राउंड या दोन. रीसेट ही तिसरी. आणि माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या उरलेल्या तीन. त्यांपैकी मोसी या तारेवरून प्रोग्रामर बोलतो, मिसो या तारेवरून चिप बोलते आणि एससीके या तारेवरून दोघांना ताल दिला जातो.

प्रोग्रामर प्रथम रीसेटची तार शून्य व्होल्टवर आणतो. त्यायोगे चिपेतील नेहमीचे काम थांबते. किमान २० मिलिसेकंद थांबून तो एसी, ५३, ००, ०० हे चार अंक-समूह एकामागून एक पाठवितो. चिप जागी असेल आणि तिने ते नीट ऐकले असेल, तर तिसरा समूह जात असताना ती दुसरा समूह, म्हणजे ५३, तसाच परत म्हणून दाखविते. वर्गात हजेरी घेताना नाव पुकारावे आणि विद्यार्थ्याने ‘उपस्थित’ म्हणावे, तसाच हा प्रकार आहे. ५३ परत आले नाही की संगणक ‘प्रारंभ होऊ शकला नाही’ असा संदेश देतो.

या हजेरीसाठी चिपेला वीज मिळाली पाहिजे, रीसेट खाली गेला पाहिजे, तिन्ही तारा योग्य जागी असल्या पाहिजेत, चिपेचे घड्याळ चालू असले पाहिजे आणि तिला झेपेल इतक्याच वेगाने पुकारले गेले पाहिजे. या पाच अटींपैकी एक जरी मोडली तरी संदेश तोच येतो. म्हणून संदेशाकडे पाहून तर्क लढविण्याऐवजी अटी एकेक करून तपासणे हाच खात्रीचा मार्ग होय.

तपासणीपूर्वी

एक मल्टीमीटर, एक भिंग, डाख देण्याचे साहित्य आणि एक वही एवढी सामग्री पुरेशी आहे. ऑसिलोस्कोप असल्यास उत्तम. परंतु त्यावाचून अडत नाही. पंपासारखे उपकरण जोडावयाचे असेल, तर तपासणी चालू असेपर्यंत २३० व्होल्टचा घरगुती पुरवठा बोर्डापासून पूर्णपणे अलग ठेवावा आणि ती जोडणी अखेरीस जाणत्या तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले आणि चिप बोलू लागली, तर दोष कोणता होता हे कळत नाही आणि पुढच्या बोर्डावर तो पुन्हा उद्भवतो.

पहिली अट: वीज

चिप सॉकेटमध्ये बसविण्यापूर्वी आणि वीज देण्यापूर्वी पुरवठा व ग्राउंड यांच्यामध्ये मल्टीमीटरने सातत्य तपासावे. मीटर सतत वाजत राहिला तर कोठेतरी दोन रेषा डाखेने जोडल्या गेल्या आहेत असे समजावे. तो दोष काढल्यानंतरच वीज द्यावी. वीज दिल्यावर कोणताही भाग तापू लागला तर पुरवठा तत्काळ तोडावा.

२८ पिनांच्या चिपेत पिन ७ हा पुरवठा व पिन ८ हा ग्राउंड असतो. नवशिके येथेच थांबतात. परंतु पिन २० हा अ‍ॅनालॉग भागाचा पुरवठा व पिन २२ हा दुसरा ग्राउंड असतो. अ‍ॅनालॉग भागाचा वापर करावयाचा नसला तरी पिन २० ला पुरवठा जोडणे आवश्यक आहे. तो मोकळा ठेवल्यास चिप कधी बोलते, कधी बोलत नाही. आणि असा लहरी दोष शोधणे सर्वांत कठीण असते.

दाब मोजताना मीटरची टोके बोर्डावरील तांब्याच्या रेषेवर न ठेवता चिपेच्या पिनेवरच टेकवावीत. रेषेवर ५ व्होल्ट असूनही डाख कच्ची असल्यामुळे पिनेवर काहीच नसणे शक्य आहे. टोक दाबून मोजू नये; दाबामुळे सुटलेली पिन क्षणभर टेकते आणि दोष लपतो. नव्या चिपेच्या पिना किंचित फाकलेल्या असतात. सॉकेटमध्ये घालताना एखादी पिन आत न जाता चिपेच्या पोटाखाली दुमडली जाते आणि वरून पाहता सर्व ठीक दिसते. अशा वेळी भिंग उपयोगी पडते.

प्रत्येक पुरवठा-पिनेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असावा. दुकानात तो ‘१०४’ या क्रमांकाने ओळखला जातो. चिप विजेचे लहान लहान घोट फार त्वरेने घेते. लांबच्या तारेतून ते वेळेवर पोचत नाहीत. कपॅसिटर हा जवळ ठेवलेला तांब्या होय. तो दूर कोपऱ्यात बसविल्यास त्याचा हेतूच विफल होतो.

बोर्डावर ३.३ व्होल्टवर चालणारा रेडिओ किंवा कार्ड बसविलेले असेल, तर प्रोग्रामर ५ व्होल्ट तर देत नाही ना, हे आधी पाहावे. चिप दोन्ही दाबांवर चालते; शेजारचा भाग मात्र जळू शकतो.

दुसरी अट: रीसेट

पिन १ हा रीसेट होय. तो १० किलोओहमच्या रेझिस्टरने पुरवठ्याशी जोडावा. प्रोग्रामर शांत असताना येथे पुरवठ्याइतका दाब दिसला पाहिजे आणि प्रोग्राम भरला जात असताना तो शून्याजवळ आला पाहिजे. तो खाली येत नसेल, तर प्रोग्रामरची तार येथपर्यंत पोचत नाही. तो कायम शून्यावर असेल, तर रीसेटचे बटण तपासावे. चार पायांच्या लहान बटणात दोन-दोन पाय आतून जोडलेले असतात. बटण काटकोनात फिरवून बसविले गेले तर ते कायम दाबल्यासारखे राहते. अशा बोर्डावर प्रोग्राम भरला जाऊनही तो कधीच सुरू होत नाही, असा चमत्कारिक अनुभव येऊ शकतो. रीसेट व ग्राउंड यांच्यामध्ये मोठा कपॅसिटर लावणेही टाळावे. त्यामुळे रीसेटचे वरखाली होणे मंदावते.

तिसरी अट: तारांची जागा

मोसी पिन १७ वर, मिसो पिन १८ वर आणि एससीके पिन १९ वर असतो. येथे दोन चुका वारंवार आढळतात.

पहिली चूक विचारपूर्वक केली जाते, म्हणूनच ती लवकर सापडत नाही. दोन उपकरणे यूएआरटी पद्धतीने जोडताना एकाचे ‘पाठविणे’ दुसऱ्याच्या ‘घेणे’ला जोडावे लागते, म्हणजे तारांची अदलाबदल करावी लागते. हा नियम पाठ असलेला विद्यार्थी येथेही मोसी मिसोला जोडतो. परंतु येथे नावे दिशेसह दिलेली आहेत. म्हणून मोसी मोसीलाच आणि मिसो मिसोलाच जोडला जातो. टाकीच्या उदाहरणातील दोष हाच होता. तिन्ही चिपा निर्दोष होत्या. बोर्डावरील दोन रेषा कापून तारेच्या तुकड्यांनी अदलाबदल करताच पहिल्याच चिपेने उत्तर दिले.

दुसरी चूक आरशाची आहे. प्रोग्रामरच्या सहा पिनांच्या जोडणीत पहिली पिन मिसो, दुसरी पुरवठा, तिसरी एससीके, चौथी मोसी, पाचवी रीसेट व सहावी ग्राउंड असते. एका ओळीत विषम क्रमांक, दुसऱ्या ओळीत सम. शाळेत घरगुती पद्धतीने कोरलेल्या बोर्डाची आखणी तांब्याच्या बाजूने पाहून केली जाते, आणि वरून पाहिल्यावर दोन्ही ओळींची अदलाबदल होते. तेव्हा ग्राउंडच्या जागी रीसेट आणि मिसोच्या जागी पुरवठा येतो. म्हणून प्रोग्रामर लावण्यापूर्वी जोडणीच्या प्रत्येक पिनेपासून चिपेच्या प्रत्येक पिनेपर्यंत मीटरने सातत्य तपासून वहीत खूण करावी. सहा खुणांना पाच मिनिटेही लागत नाहीत.

याच तीन तारांवर बोर्डावरील दुसरा एखादा भाग, जसे स्मृतिकार्ड, जोडलेला असेल तर आणखी एक अडचण संभवते. रीसेट खाली असताना चिपेच्या इतर सर्व पिना सैल सुटतात. दुसऱ्या भागाला ‘गप्प राहा’ असे सांगणारी पिनही त्यांत असते. मग तो भाग मध्येच बोलू लागतो आणि मिसोवर दोघांचा गोंधळ होतो. गप्प ठेवणारी ती तार १० किलोओहमच्या रेझिस्टरने पुरवठ्याकडे ओढून ठेवावी. तपासणीपुरता तो भाग काढून ठेवल्यास अधिक चांगले.

चौथी व पाचवी अट: घड्याळ आणि वेग

प्रत्येक मायक्रोकंट्रोलर एका घड्याळाच्या ठोक्यांवर चालतो. एटीमेगा ३२८पी मध्ये ८ मेगाहर्ट्झचे घड्याळ आतच असते. परंतु कारखान्यातून निघताना त्यास आठाने भागण्याची योजना केलेली असते. म्हणून नवी चिप सेकंदाला सुमारे १० लाख ठोक्यांवर, म्हणजे १ मेगाहर्ट्झवर चालते. बोर्डावर १६ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल डाखलेले असले तरी कोरी चिप त्याकडे लक्ष देत नाही.

एससीकेचा वेग चिपेच्या घड्याळाच्या एकचतुर्थांशाहून कमी असावा लागतो. नव्या चिपेसाठी ही मर्यादा २५० किलोहर्ट्झ ठरते. आधी वापरलेल्या, १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या चिपेस झेपणारा वेग नव्या चिपेस झेपत नाही. तयार बोर्डावर चालणारा प्रोग्रामर नव्या बोर्डावर अडतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे. उपाय साधा आहे: प्रोग्रामरचा वेग उतरवावा. यूएसबीएएसपीवर त्यासाठी बहुधा एक जोडखूण दिलेली असते. एव्हीआरड्यूड या प्रोग्राममध्ये ‘बी’ या पर्यायाने तो कमी करता येतो. तारा लांब असतील तर त्या एका वितीहून आखूड कराव्यात.

चिपेची ओळख

पाचही अटी पुऱ्या झाल्या की चिप उत्तर देते आणि संगणक तिला तिची ओळख विचारतो. एटीमेगा ३२८पी ची ओळख १ई, ९५, ०एफ अशी असते. १ई म्हणजे निर्माता, ९५ मध्ये स्मृतीचा आकार सूचित होतो, ०एफ हा या जातीचा क्रमांक. येथे मिळणाऱ्या उत्तरावरून पुढील निदान करता येते.

तिन्ही ठिकाणी ०० आले, तर मिसोची तार खाली दबलेली आहे किंवा चिप बोलतच नाही. तिन्ही ठिकाणी एफएफ आले, तर मिसोची तार सुटलेली आहे किंवा वर खेचलेली आहे. प्रत्येक वेळी वेगळे अंक आले, तर वेग जास्त आहे, तार लांब आहे, ग्राउंड कच्चा आहे किंवा कपॅसिटर दूर आहे. स्थिर पण निराळी ओळख आली, तर जोडणी उत्तम आहे, फक्त चिप निराळी आहे. शेवटी १४ आल्यास ती एटीमेगा ३२८, आणि १६ आल्यास ३२८पीबी होय. दिसायला व वागायला त्या भावंडांसारख्याच आहेत. संगणकात योग्य नाव निवडले की काम होते. ओळख जुळत नसतानाही पुढे रेटण्याचा पर्याय एव्हीआरड्यूडमध्ये आहे. त्याची सवय लावून घेऊ नये. तो दोष बरा करीत नाही, झाकतो.

फ्यूज: सांभाळून हाताळावयाची गोष्ट

चिपेचे घड्याळ कोणते, रीसेटची पिन रीसेटच राहावी काय, यांसारख्या गोष्टी फ्यूज नावाच्या तीन नोंदींत ठरविलेल्या असतात. नावावरून वाटते तशी ती वितळणारी तार नाही. ती पुन्हा लिहिता येणारी नोंद आहे. कोऱ्या चिपेत खालची नोंद ६२, वरची डी९ आणि जादा नोंद एफएफ अशी असते. काही बदलण्यापूर्वी या तिन्ही वाचून वहीत उतरवून ठेवाव्यात.

येथे एक उलटा संकेत लक्षात ठेवावा लागतो: नोंदीतील ० म्हणजे ‘लागू’ आणि १ म्हणजे ‘लागू नाही’. हा संकेत विसरून खुणा केल्यास नेमके नको तेच लागू होते.

क्रिस्टल बसविलेले नसताना क्रिस्टलचे घड्याळ निवडले, तर चिपेचे घड्याळच थांबते आणि काल बोलणारी चिप आज मूक होते. ती मेलेली नसते. दुसऱ्या चालू बोर्डावरून सुमारे १ मेगाहर्ट्झचे चौकोनी ठोके पिन ९ वर द्यावेत, दोन्ही बोर्डांचे ग्राउंड जोडावेत आणि कमी वेगाने फ्यूज पूर्ववत लिहावेत. चिप पुन्हा बोलू लागते. क्रिस्टल बसविलेले असूनही असे घडल्यास क्रिस्टलची डाख आणि त्याच्या दोन बाजूंचे २२ पिकोफॅरडपर्यंतचे दोन लहान कपॅसिटर तपासावेत. रीसेटची पिन रीसेट म्हणून बंद करणारी खूण मात्र कधीही करू नये. तशी केल्यास साध्या प्रोग्रामरचे दार बंद होते आणि १२ व्होल्टचा दाब देणारा विशेष प्रोग्रामर आणल्याशिवाय ते उघडत नाही.

प्रोग्राम भरला, पण वेळ चुकते

टाकीच्या बोर्डाची कथा चिप बोलू लागल्यावर संपली नाही. प्रोग्राम भरला गेला, पडताळणीही झाली. पातळी वर पोचल्यावर लाटांमुळे फसगत होऊ नये म्हणून १० सेकंद थांबून पंप बंद करावा, अशी आज्ञा होती. प्रत्यक्षात पंप २ मिनिटे ४० सेकंदांनी बंद झाला आणि टाकी वाहिली. विद्यार्थ्यांना वाटले, पातळीचा संवेदक बिघडला.

२ मिनिटे ४० सेकंद म्हणजे १६० सेकंद. १० सेकंदांच्या नेमके १६ पट. प्रोग्राम लिहिताना घड्याळ १६ मेगाहर्ट्झ आहे असे धरले होते आणि चिप कारखान्यातील १ मेगाहर्ट्झवरच चालली होती. चुकीच्या वेळेस योग्य वेळेने भागले की दोष आपले नाव स्वतः सांगतो. भागाकार १६ आल्यास फ्यूज कोरेच राहिले आहेत. ८ आल्यास क्रिस्टल निवडले गेले, परंतु आठाने भागण्याची खूण तशीच राहिली. २ आल्यास आतील ८ मेगाहर्ट्झचे घड्याळ चालू आहे. यूएआरटीच्या तारेवर अर्थहीन अक्षरे येणे हेही बहुधा याच दोषाचे दुसरे रूप असते.

यास्तव नव्या बोर्डात पहिला प्रोग्राम मुख्य कामाचा नसावा; एक दिवा सेकंदभर लावणारा व सेकंदभर विझविणारा असावा. मनगटावरील घड्याळाकडे पाहून मिनिटाला ३० वेळा दिवा लागला, तर चिपेचे घड्याळ बरोबर आहे याची खात्री पटते. त्यानंतरच पंपाचे काम तिच्यावर सोपवावे.

निम्म्याने वाटणी

सर्व तपासून दोष सापडला नाही, तर शंकेचे क्षेत्र निम्मे करावे. संशयित चिप बोर्डावरून काढून ब्रेडबोर्डवर बसवावी. तिला पुरवठा, दोन्ही ग्राउंड, दोन कपॅसिटर, रीसेटचा एक रेझिस्टर आणि प्रोग्रामर एवढेच जोडावे. ती येथे बोलली, तर दोष बोर्डात आहे. येथेही बोलली नाही, तर प्रोग्रामर, यूएसबीची तार व संगणकातील निवड यांकडे वळावे; फोन चार्ज करण्याच्या काही तारांत माहितीच्या वाहिन्याच नसतात. ओळखीची चालू चिप त्याच जागी बोलते आणि संशयित चिप बोलत नाही, असे दिसले तरच चिपेस दोष द्यावा. त्या आधी नाही.

पुढील बोर्डासाठी

आखणी करतानाच काही गोष्टी पाळल्या तर पुढचे श्रम वाचतात. प्रोग्रामरच्या जोडणीपाशी पहिल्या पिनेची खूण छापावी. पुरवठा, ग्राउंड, रीसेट व तिन्ही तारा यांवर मीटरचे टोक टेकविण्यापुरती उघडी जागा ठेवावी. एक दिवा केवळ तपासणीसाठी राखावा. चिप थेट न डाखता सॉकेटमध्ये बसवावी. कोकण व गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत उघडे तांबे लवकर काळवंडते आणि त्यावर डाख नीट धरत नाही. म्हणून कोरलेला बोर्ड फार दिवस पडू न देता स्वच्छ करून लगेच डाखावा.

प्रत्येक बोर्डासाठी वहीचे एक पान असावे. त्यावर तारीख, मोजलेले दाब, चिपेची ओळख, फ्यूजच्या तीन नोंदी, आढळलेला दोष व केलेला उपाय लिहावा. शिक्षक बदलून जातात, विद्यार्थी पुढच्या वर्गात जातात. वही मात्र प्रयोगशाळेत राहते. साहित्य-खरेदीस मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांनीही हे पान मागावे. चौथ्या चिपेच्या मागणीपेक्षा एक बरा मल्टीमीटर आणि दुसरा प्रोग्रामर यांची मागणी शाळेस अधिक उपयोगी पडणारी असते, हे त्यावरून सहज दिसून येईल.

टाकीच्या उदाहरणातील मुलांनी अखेर खालची फ्यूज-नोंद एफएफ केली आणि चिप क्रिस्टलवर चालू लागली. पंप दहाव्या सेकंदास बंद झाला. कचऱ्याकडे निघालेल्या तीन चिपांपैकी एक टाकीवर आहे. उरलेल्या दोन पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांसाठी कपाटात ठेवल्या आहेत. वहीतील त्या पानावर शेवटची ओळ एवढीच आहे: ‘चिप निर्दोष. मोसी-मिसो अदलाबदल. फ्यूज कोरे.’ पुढच्या वर्षी नव्या बोर्डावर नवी चिप मूक राहील, तेव्हा विद्यार्थ्यांनी प्रथम हेच पान उघडावे.